मोटारीत माझा नंबर

नवलेवस्ती, ता. श्रीगोंदा,
जि. अहिल्यानगर
रविवार, १ मार्च २०२६

श्री. हनुमंतराव यांना,
सत्यशीलेचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळ्या मजेत आहोत. थंडी सरल्यापासून आत्याबाईंचा गुडघा कुरकुरायचा थांबलाय. आरतीचे बारावीचे पेपर चालू आहेत. फिजिक्स 'बरा' गेला म्हणते, म्हणजे चांगला गेला असणार, तुमच्यासारखीच आहे ती, चांगलं काही असलं की तोंडातून निघत नाही. कांदा हिरवागार उभा आहे. तुम्ही कंपनीत कँटीनचं खाता की रूमवर करता, कळवा.

पत्र कशाला, असं म्हणाल. घरात माणशी एक मोबाईल आणि ही बाई कागद-पेन घेऊन बसली! कारण साधं आहे. तुम्ही माझे व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने ऐकता. नाही म्हणू नका, दिवाळीत मी दारातून पाहिलं. तुम्ही पलंगावर आडवे, आणि कांद्याच्या रोपाबद्दलचा माझा जुना मेसेज लावलेला, त्यात मी चिमणीसारखी चिवचिवत होते. आज जे सांगायचंय ते चिवचिवत सांगण्यासारखं नाही. म्हणून चाकण मार्केटला कांदा घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्याकडे हे पाकीट देते आहे, सोबत शेंगदाण्याची चटणी आहे.

आधी माझी मतं ऐका, दिवाळीपासून साठलीत आणि कुणी विचारत नाही.

तो घडी घालायचा मोबाईल परवा आरतीने दाखवला. पुस्तकासारखा उघडतो, मिटतो. मला पटलं नाही. घडी पडते तिथेच कापड आधी विरतं, हे कुठल्याही बाईला विचारा. आणि फोनच्या डब्यात चार्जर द्यायचा नाही ही कुठली रीत? पोरगी सासरी पाठवताना ताट-तांब्या तरी देतात. रात्रीतून अपडेट होऊन सकाळी बटणांच्या जागा बदलणं, हेही मला मान्य नाही. आत्याबाईंचं फोन उचलायचं हिरवं बटण डावीकडून उजवीकडे गेलं तर त्या दोन दिवस प्रत्येकाचा फोन कट करत होत्या आणि लोक म्हणत होते म्हातारी रुसली.

तुमचं ते घड्याळ मी दिवाळीत घालून रानात गेले होते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. दिवसभर बसून रोपं लावली, कंबर मोडून आली, आणि घड्याळ म्हणालं, आज तुमची हालचाल कमी आहे, जरा उठा. मी ते काढून बांधावर ठेवलं. मग आपल्या कुत्र्याने ते तोंडात धरून वस्तीला दोन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी तुम्ही खूश होऊन सगळ्यांना दाखवत होता की बघा माझी किती पावलं झाली.

माणसासारखा बोलणारा तो कॉम्प्युटर आता सगळ्यांच्याच फोनात आलाय. मी त्याला विचारलं, कांद्याची पात पिवळी पडतेय, काय करू? त्याने कीर्तनकाराएवढं बोलून शेवटी सांगितलं, कृपया आपल्या परिसरातील कृषितज्ज्ञांशी संपर्क साधा. म्हणजे आपल्या भावकीसारखंच, बोलणं भरपूर आणि वेळेला दुसऱ्याकडे बोट. आरती म्हणते, नव्या फोनात लांब मेसेज दोन ओळींत आवरून मिळतो. या पत्राचं तसं काही करू नका. दोन ओळींत मावलं असतं तर मी दोनच लिहिल्या असत्या.

तुमचा नवा फोन स्टेटसला पाहिला. छान आहे, रंग तर फारच छान. तो तुम्ही कोणत्या दिवशी घेतलात हे मला न विचारताच माहीत आहे. आता तेच सांगते.

आपल्या विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच बसवलात. पण माझ्या बाजूने ती कशी दिसते हे मी कधी नीट सांगितलं नाही. पेटीत एक सिम. त्या नंबरावर फोन लावला की आतली बाई 'मोटर सुरू झाली आहे' म्हणते आणि पाणी येतं. परत लावला की बंद. चाकणला बसून श्रीगोंद्याची मोटार चालवता येते म्हणून बसवताना तुम्ही पेढे वाटले होते. फक्त एवढंच की ती ठरलेल्या नंबरांचंच ऐकते. एक तुमचा, मालकाचा. दुसरा ज्ञानेश्वर भावजींचा, कारण विहीर तुम्हा चुलतभावांची सामाईक. त्यांच्या पाळीला ते लावणार, आपल्या पाळीला तुम्ही.

आणि रानात कोण? इकडे मी, तिकडे भावजींची चांगुणा. हातात फोन, पुढे विहीर, आणि मी चाकणला फोन करून सांगायचं, अहो, मोटार लावा. वाफा भरला की परत फोन, अहो, बंद करा. तुम्ही मशीनवर असलात की फोन लॉकरमध्ये, आणि मी खोऱ्याला टेकून दिवसाची लाईट वाया जाताना बघायची. आपल्याकडे ही काही नवलाची गोष्ट नाही म्हणा. सगळ्याच वस्तीवर पुरुषांचे नंबर मोटारीत आणि बायका वाफ्यात पाण्याची दारं धरायला. मोटारीत बोलायला बाई चालते, तिला हुकूम करायला मात्र चालत नाही.

दिवाळीत जे झालं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भाऊबिजेला भावजी, चांगुणा, सगळे जेवायला बसलेले असताना मी म्हटलं, माझाही नंबर मोटारीत घाला. तुम्ही म्हणालात, "मी हाय ना. उद्या भावकी म्हनंल, हनुमंताची मोटार बायकू चालवती." आणि मी वाढता वाढता म्हणाले, "मोटारच काय, सगळं रान बायकू चालवती. ते न्हाई व्हय दिसत भावकीला?" भावजी हसले. तुम्ही ताटावरून उठला नाहीत, पण जेवलाही नाहीत. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत गेलात.

तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. एक मानलं पाहिजे, 'मोटार लावा' असा मेसेज टाकला की लॉकर उघडल्या उघडल्या तुम्ही लावत होता, एकही दिवस चुकला नाही. मी बांधावर उभी, पाण्याचा आवाज आला की समजायचं, ऐकला. एवढंच काय ते आपलं बोलणं.

गेल्या पंधरवड्यातल्या बुधवारी सकाळी असंच तुम्ही मोटार लावलीत. दुपारपर्यंत कांदा भिजला. 'बंद करा' म्हणून मेसेज टाकला, तर एकच टिक. फोन केला, स्विच्ड ऑफ. परत केला, तेच. आता कळतंय की तुम्ही चाकणच्या दुकानात नव्या फोनात सिम चढवून घेत होता आणि तेवढा वेळ तुमचा नंबर मेला होता. तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. माझ्या मनात काय काय आलं ते सोडा. कंपनीत मशीन असतात, रस्त्यावर कंटेनर असतात.

तेवढ्यात पाण्याचा दांड फुटला. पाणी बांध ओलांडून खालच्या अंगाला चांगुणाच्या रानात शिरलं, आणि तिथे तिचा उपटलेला हरभरा पडलेला. ती ओरडतच आली. "ताई, पानी बंद करा! माझा समदा हरभरा भिजला!"

"मी कशी करू? यांचा फोन बंद हाय. तू भावजींना लाव."

भावजी खर्ड्याला लग्नाला गेलेले. रिंग जात होती, उचलत कोण? डीजेपुढे खिशातला फोन कुणाला ऐकू येतोय. मग तिने रागारागाने थेट मोटारीलाच फोन लावला. मीही लावला. दोघींच्या रिंगा वाजून वाजून बंद पडल्या. विहिरीच्या कडेला दोन बायका, दोन मोबाईल, आणि मोटार आमच्याकडे ढुंकून बघेना. मला त्या घडीला रडायला यायला हवं होतं. पण चांगुणाचा चेहरा बघून मला हसू फुटलं, आणि मला हसताना बघून तीही शिव्या देत देत हसायला लागली.

पेटीला कुलूप, किल्ली भावजींच्या पँटीच्या खिशात, पँट खर्ड्याला. चांगुणा विजेच्या डीपीकडे निघाली होती फ्यूज काढायला, तिला दंडाला धरून मागे ओढलं. मग मी गोठ्यातून पहार आणली. पहिले घाव मी घातले, ते नुसते सरकले. मग तिने घातला. कुलूप कडीसकट उडालं. मी लाल बटण दाबलं आणि मोटार थांबली. इतकं शांत झालं की लिंबावरची पाखरं ऐकू आली. बिचारा हरभरा अर्धा भिजला होता, अर्धा आम्ही पदर खोचून वर ओढून काढला.

इथेच थांबता आलं असतं. कुलूप नवं आणलं असतं आणि पुन्हा जैसे थे. पण पेटी उघडी होती, आणि ती उघडी मी पहिल्यांदाच बघत होते. मी पुंजाराम मेस्त्रींना फोन लावला, ज्यांनी स्टार्टर बसवला ते. म्हटलं, माझा नंबर यात घालायचाय.

"वहिनी, ते मालकाच्याच फोनवरनं व्हतं. मालकाचा नंबर बंद असंल तर मंग रिसेट. आत बारीक बटन हाय बघा. दाबून धरलं की जुनं समदं पुसतं. त्यानंतर पयला फोन ज्याचा यील, त्यो मालक. पर आदी मालकास्नी इचारा."

मी म्हटलं, "इचारायलाच फोन लावतेय चार महिनं झालं. उचलत न्हाईत."  मेस्त्री म्हणाले, "दाबा मंग."

ते बटण इतकं बारीक की बोट जाईना. चांगुणाने साडीची पिन काढून दिली. मी पिन टेकवली आणि परत मागे घेतली, खरंच सांगते. तुमचा नंबर माझ्या हाताने पुसायचा होता. चांगुणा म्हणाली, "ताई, माझ्या मालकाचाबी पुसला जातोय. दाबा." मी दाबलं. आतला दिवा लाल झाला, मग हिरवा लुकलुकायला लागला.

मी माझ्या फोनवर मोटारीचा नंबर काढला आणि लावणार, तेवढ्यात काठी टेकत आत्याबाई हजर. "कुनाचा नंबर घालताव गं?"

सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि हात पुढे केला. "ही हीर खंदली तवा मुरूम म्या डोक्यावर काढला. पोटात हनुमंता हुता. माझा लावा."

हातातोंडाशी आलेला घास गेल्यासारखा मला राग आला, तो मी त्यांना दाखवला नाही, तुम्हाला सांगते. पण मग लक्षात आलं की त्या बरोबर आहेत. माझा नंबर मालक झाला असता तर भावकीने वर्षभर मला खाल्लं असतं. आत्याबाईंच्या, खुद्द बनुबाईंच्या नंबराला बोलायची कुणाची छाती? मी त्यांच्या फोनवरून नंबर लावून त्यांच्या कानाला धरला. आतली बाई म्हणाली, आपला नंबर मालक म्हणून नोंदवला गेला आहे. आत्याबाईंनी शांतपणे विचारलं, "बरं बरं. कुनाची गं तू?"

मग बसल्या बसल्या त्यांनी हुकूम सोडला. "आदी हिचा घाल. मंग चांगुणीचा." मेस्त्रींनी सांगितलं तसे त्यांच्या फोनवरून मी मेसेज केले. दोन्ही नंबर आत गेले. चांगुणाने लगेच एकदा मोटार लावली आणि लगेच बंद केली, काही काम नव्हतं, नुसती बघायला. मग मी लावली. पहिल्या रिंगला उचलला हो! मी विहिरीच्या कडेला उभी राहून दोन्ही हात वर केले, क्रिकेटवाले करतात तसे. बघायला आत्याबाई आणि चांगुणाच होत्या, दोघींनीही वर केले.

भावजी संध्याकाळच्या आत आले, डोक्याला लग्नाचा फेटा तसाच. फुटकं कुलूप बघून भडकले. "माझा नंबर कुटं गेला? आख्खी मोटार बायांच्या ताब्यात?"

आत्याबाई म्हणाल्या, "तुझाबी घालू. आदी बायकूचा हरभरा वाळवाय लाग." ते फेट्यासकट हरभरा पसरत बसले. अंधार पडायच्या आत चांगुणाने स्वतः त्यांचा नंबर घालून घेतला, आत्याबाईंना तीन वेळा विचारून.

तुमचा घातलेला नाही. मी विचारलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "त्याला म्हनावं, हितं यिऊन माग." मी पुन्हा विचारलं नाही.

आता माझं राज्य ऐका. भाकरी थापता थापता चुलीपाशी फोन लावते, पीठ लागलेल्या बोटाने, आणि रानात पाणी सुरू. वाफा भरला की तिथल्या तिथे बंद. लाईट आली की आली, कुणाच्या लॉकरची वाट बघायची नाही. कांद्याला पहिल्यांदा सगळीकडे सारखं पाणी बसलंय, तुम्ही येऊन बघा, कडेचे वाफेसुद्धा मधल्याइतके उभे आहेत. आठवडी बाजारात मेथी निवडता निवडता मी मोटार लावली, मुद्दाम फोन स्पीकरवर टाकून. पलीकडच्या वस्तीवरच्या केशरबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अगं बया, तुझ्या फोनावर चालती?" मी म्हटलं, चालते, तुमच्याही चालेल, साडीची पिन आहे का? काल पुंजाराम मेस्त्री रस्त्यात भेटले, म्हणाले, वहिनी, आठवड्याभरात किती बायकांचे फोन आले, माझं जेवण बंद पाडलं तुम्ही. माझा नंबर घातला त्या दिवशी मला वाटलं, आपण काही तरी जिंकलं. अजूनही वाटतं. तुम्ही भाऊबिजेला माझ्यावर रागावलात, पण मी म्हटलं होतं ते खरं होतं आणि आता ते मोटारीलाही मान्य आहे.

पण एक झालं. गेल्या आठवड्यात दुपारी लाईट आली, मी मोटार लावली, आणि खोरं घेऊन वाफ्यात उतरले. पाणी चालू, सगळं नीट. आणि मला काहीतरी राहिलंय असं वाटायला लागलं. फोन दोनदा काढून बघितला. मग कळलं, तुम्हाला मेसेज टाकायचा राहिला होता. टाकायचं कारणच नव्हतं.

आधीची चार वर्षं मी दिवसातून दोनदा तुम्हाला फोन करत होते, मोटारीच्या नावाखाली. तुम्ही लावायचात आणि मग फोन ठेवायचा नाहीत. आज कँटीनमध्ये कुठला नवा फोन आलेला बघितला, कुणी केवढ्याला घेतला, त्यात काय आहे, काय नाही, सगळं सांगायचात. मी म्हणायचे, चुलीत घाला तो फोन. तुम्ही हसायचात. मला मोबाईलमधलं काय कळतं? जे कळतं ते तुमच्या तोंडून, पाणी वाफ्यातून पुढे सरकेपर्यंत. वर लिहिलेली ती सगळी मतं मी दिवाळीपासून तुम्हालाच सांगायला जपून ठेवली होती. दुसऱ्या कुणाला ती सांगण्यात मजा नाही. आता मोटारही माझ्या हातात आली, म्हणजे माझ्याकडे तुम्हाला फोन करायचं एकही निमित्त उरलं नाही, आणि मला ते फार लागलं. जिंकलेल्या माणसाला असं वाटू नये, पण वाटलं.

तुमचा नंबर पुसला याबद्दल मी माफी मागणार नाही. गरज पडली तर पुन्हा पुसेन. पाडव्याला सुट्टी असेल तर या, आत्याबाईंपुढे बसा, नंबर मागा, त्या देतील, वाट बघतायत. ती त्यांची आणि तुमची गोष्ट.

माझी गोष्ट वेगळी आहे. उद्या तुमची शिफ्ट सुटल्यावर मी तुम्हाला फोन करणार आहे. कांदा भिजलेला आहे, मोटार बंद आहे, पेटीला नवं कुलूप आहे आणि त्याची एक किल्ली माझ्या कमरेला आहे. घरात सगळं ठीक आहे. काहीही लावायचं नाही, काहीही बंद करायचं नाही. तो नवा फोन कसा आहे ते मला पहिल्यापासून ऐकायचंय आणि त्याला नावं ठेवायची आहेत. माझं तुमच्याकडे काहीच काम नाही, हनुमंतराव. तरी उचला.

तुमचीच,
सत्यशीला